घोड्याचं हॉटेल

किसनरावानं उकळत्या दुधातून पळी काढली आणि तशीच खेमाच्या मनगटावर हाणली.

हातातला कप खाली पडून फुटला. खेमानं ओरड तोंडातल्या तोंडात गिळली, भाजलेला हात बगलेत दाबला आणि बाकावरून उठला.

“लमाण्या, बाकावर बसाय कुणी सांगितलं रे तुला?” किसनराव पळी नाचवत म्हणाला. “अन् आतला कप उचलला! तुमचे कप बाहेर कोनाड्यात हाईत. डोळे फुटले का?”

बाकावर चहा पीत बसलेले चौघे हसले. पाचवा हसला नाही. त्यानं फक्त आपला कप खेमापासून लांब सरकवला.

पायरीवर टाच चोळत बसलेली पारूबाई उठून दारात आली. तिनं नवऱ्याचा हात बगलेतून ओढून काढला, उलटासुलटा करून पाहिला आणि मग किसनरावाकडं पाहिलं.

“तुझा कप फुटला, माझ्या माणसाचा हात भाजला. फिटलं. आता दूध ढवळ, न्हाईतर करपंल.”

किसनराव शिव्या देत पायरीपर्यंत आला, तोवर दोघं कळमनुरीच्या बाजाराच्या दुसऱ्या टोकाकडं चालू लागली होती.

“बोल,” पारू म्हणाली. “मला बोल. मीच म्हणलं, पाय दुखून राहिले, हितंच टेकू.”

खेमा भिंती बघत चालला होता. दुकानांवर पाट्या होत्या, पण त्याला त्या साऱ्या सारख्याच. उर्दू काय अन् मराठी काय, मुंग्यांच्या रांगा. त्याला हवी होती ती एक हिरवी भिंत आणि तिच्यावरचा पांढरा घोडा.

बाळापूरजवळच्या त्यांच्या तांड्यावरून दोघं पहाटे निघाली होती. पारूला आगगाडी बघायची होती. लेक बेबी हिंगोलीकडच्या तांड्यावर दिली होती, आणि ती माहेरी आली की ‘मी रोज गाडीची शिटी ऐकते’ म्हणून आईला चिडवायची. पारूनं वीस वर्षं ऐकून घेतलेल्या साऱ्या गोष्टींत हीच एक मनाला लावून घेतली होती. निजामानं हत्यार खाली ठेवून दहा-बारा दिवस झाले होते. रझाकार पळाले होते, नाक्यावर उभं करून ‘कुठला रे, काय चोरलंस’ विचारणारे शिपाईही दिसत नव्हते. खेमा म्हणाला, आता वाट मोकळी आहे, चल. दोन दिवस कामाचं नाव काढायचं नाही.

निघाल्यापासून तो घोड्याचंच बोलत होता. पारू हसली होती. “मुलूख बघाय निघालो अन् तू बाळापुरातलंच हॉटेल शोधून राहिला. मग बाळापुरातच बसायचं होतं की.”

खेमाला ते सांगता आलं नव्हतं. त्याचा आजा बैलांच्या पाठीवर मीठ लादून शंभर कोस फिरला. पण आजाचेही मुक्काम ठरलेले असत. हेच झाड, हाच ओढा. नव्या जागी बैल बसत नाही, म्हणायचा. माणसाचंही तसंच असावं. नांदेडच्या चाँद पाशांनी पाच गावांत पाच हॉटेलं टाकली होती. पाचही ठिकाणी एकाच चिताऱ्यानं काढलेला घोडा, निळ्या रेघेचे तेच कप, तेवढ्याच उंचीची बाकं. आणि पाशांचा एक दंडक होता: जो येईल त्याला ‘आवो, बैठो’ म्हणायचं, आणि आणखी काही विचारायचं नाही. गाडीवान दहा जातीचे. किती जातीचे कप ठेवणार, असा पाशांचा सरळ हिशोब असंल. खेमाला चहाची तेवढी हौस नव्हती. पण त्या भिंतीशी पोचलं की आता आपल्याला कोण काय म्हणंल हे त्याला आधीच ठाऊक असायचं. तांडा सोडल्यावर अशी जागा त्याला दुसरी नव्हती.

“ते बघ,” पारू म्हणाली.

घोडा होता. पुढचा पाय उचललेला, शेपटी बाळापूरच्यासारखीच जरा आखूड.

“आवो, बैठो,” आतून हॉटेल सांभाळणारा शकील म्हणाला.

शकील पंचविशीचा, नुकती दाढी ठेवलेला. खेमानं त्याला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. तरी तो बाकावर असा बसला की जणू कालच उठून गेला होता. पारूही त्याच्या शेजारी बाकावरच बसली. बसताना तिनं एकदा शकीलकडं पाहिलं; तो कप विसळत होता.

खेमाचा हात पाहून शकीलनं मागच्या खोलीकडं तोंड करून हाक दिली. त्याची आई खुर्शीदबी बोटावर लोणी घेऊन आली आणि विचारल्याशिवाय खेमाच्या मनगटाला लावू लागली.

“किसनराव का?” ती म्हणाली.

“व्हय.”

“मुए का हाथ झडो.” मग पारूकडं वळून, “कुठं निघाल्या?”

“गाडी बघाय,” पारू म्हणाली आणि लाजली.

“देखो, देखो. पण कानात बोळे घाला, बाई. मी पहिल्यानं पाहिली तवा पळाले होते.”

पारू खळखळून हसली. खेमा बाकावर जरा मागं रेलला. भिंत गार होती.

पहिला दगड बरणीवर आला. दुसरा शकीलच्या खांद्यावर.

माणसं चाळीस-पन्नास असतील. कुऱ्हाडी, काठ्या, दोघांच्या हातात पेटते टेंभे. दाराच्या चौकटीत एकदम इतकी माणसं घुसली की चौकटच निखळली. कपांची उतरंड एका काठीत खाली आली. शकील चुलीमागं वळला, तर दोघांनी त्याला केसांना धरून बाहेर ओढलं. एकानं त्याच्या हातावर जळतं लाकूड मारलं, दुसऱ्यानं तोच हात गुडघ्यावर धरून काठीसारखा मोडला. तो आवाज खेमानं ऐकला. खुर्शीदबी लेकाच्या अंगावर पडली. तिच्या पाठीत लाथा बसत राहिल्या आणि ती नुसतं ‘अल्ला, अल्ला’ करत राहिली.

पारूनं खेमाला भिंतीशी दाबून धरलं होतं. कुणी त्यांना हात लावला नाही. एक जण जवळून जाताना म्हणाला, “तुमी बाजूला व्हा, तुमी आपले हाव.”

सर्वांत पुढं होता त्याचं नाव संतराम. कुणी तरी त्याला हाक मारली म्हणून खेमाला कळलं. तो ओरडत नव्हता. त्यानं आधी भिंतीवरच्या घोड्यावर कुऱ्हाड घातली, चांगली पाच-सहा वेळा, मानेवरच. चुना उडाला, माती उघडी पडली. मग तो शकीलकडं वळला.

“आषाढात आमच्या वाडीला आग लावली,” तो म्हणाला. “भावाला बांधून घरात टाकला अन् मग लावली. त्याच्या आधी ते हरामखोर घोड्याच्या हॉटेलात बसून चहा प्याले. बाजारात होते त्यांनी पाहिलं. मला येऊन सांगितलं. हसून हसून पेत होते.”

“ते हे हॉटेल न्हाई,” शकील जमिनीवरून म्हणाला. त्याच्या तोंडातून रक्त येत होतं. “ते बाळापूरचं. मी हितलाच हाय. मी कुणाला—”

“घोडा तोच हाय,” संतराम म्हणाला आणि त्यानं कुऱ्हाड दोन्ही हातांत घेतली.

“हा न्हाई!”

खेमाला कळलं की ओरडलं ते आपणच. पारूचा हात झटकून तो पुढं गेला.

“हा न्हाई. मी बाळापूरचा. दर बाजारी तिथं असतो, त्या दिवशीबी होतो. हा माणूस तिथं नव्हता. त्यांना चहा दिला तो हैदर. हैदर असतो तिथं. ह्याला मी आज पहिल्यानं बघून राहिलो.”

कुऱ्हाड वरच राहिली.

“काय नाव म्हणलास?”

“हैदर.”

संतरामनं ते नाव हळूच स्वतःशी म्हटलं. इतके दिवस त्याच्यापाशी नुसता घोडा होता.

“पण त्यानं... त्यांनी त्याला,” खेमा बोलू लागला. त्याला सांगायचं होतं की रझाकारांनी त्या दिवशी हैदरच्या कानशिलात मारली होती, पाची बोटं उठली होती, कप फोडले होते, आणि हैदर चहा ओतताना थरथरत होता. पण संतराम वळला होता, आणि गर्दीतून किसनराव पुढं आला होता.

“खरं सांगतो तो,” किसनराव मोठ्यानं म्हणाला. “लमाण माणूस. खोटं बोलायची अक्कल त्याच्यात न्हाई. सोडा ह्याला. ह्याचं दुकान तर गेलंच.”

लोकांनी माना डोलावल्या. कुणी म्हणालं, बराबर. कुणी म्हणालं, खेमाभाऊनं पाहिलंय म्हणल्यावर. आपलं नाव कुणी विचारलं होतं, कधी सांगितलं, खेमाला आठवेना. पन्नास माणसं त्याच्या एका शब्दावर थांबली होती. संतरामनं कुऱ्हाड खांद्यावर टाकली. किसनरावानं स्वतःचा तांब्या पुढं केला, आणि खेमा त्याला तोंड लावून पाणी प्याला. घटाघटा प्याला. एक माणूस वाचला होता, आणि त्यानं वाचवला होता.

बाहेरून आवाज आला, “गाड्या जुंपा रे! बाळापूर!”

तांब्या त्याच्या हातातच राहिला.

पारूनं त्याला दंडाला धरून रस्त्यावर ओढलं. मागं हॉटेलचं छप्पर पेटलं होतं. खुर्शीदबी लेकाला काखेत धरून बोळात शिरत होती. तिनं वळून खेमाकडं पाहिलं आणि मोकळा हात कपाळाला लावला. दुवा देत होती.

“काय केलं तू?” पारू म्हणाली.

“मी तर...”

“नाव काहून घेतलं? ह्याला सोडा म्हणायचं अन् गप बसायचं होतं. नाव काहून घेतलं?”

पारूनं खाली बसून पायांतले वाळे काढले, कमरेला बांधले आणि घागरा खोचला.

“लदेणीची वाट अजून हाय का?”

सडकेनं बाळापूर सहा कोस. आजाचे बैल मीठ लादून जात ती लदेणीची वाट टेकड्यांमधून, चार कोसांची. तिच्यावर आता झुडपं माजली होती, मध्ये दोन ओढे होते, आणि काळी माती पायाला धरून ठेवत होती. दोघं पळाली, पळवेना तेव्हा चालली, परत पळाली. उभ्या ज्वारीची पानं तोंडावर सपासप बसत होती. मनगटावरचं लोणी घामानं कधीच वाहून गेलं होतं. दुसऱ्या ओढ्यात पारू पडली आणि गुडघा फोडून उठली. सडकेकडून मधूनच धूर दिसायचा. गाड्या वाटेत थांबत होत्या, आणि ते लोक पेटवायला थांबत होते म्हणूनच ही दोघं पुढं होती. हेही खेमाला कळत होतं.

दिवस कलताना ती बाळापुरात पोचली. हिरवी भिंत, पांढरा घोडा. बाकावर दोन गिऱ्हाईकं.

“आवो, बैठो, खेमाभाई!” हैदर म्हणाला. “अरे, तुम्ही तर गाडी—”

“ऊठ. बायको घे. येऊन राहिले.”

हैदरनं एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा पारूच्या रक्ताळलेल्या गुडघ्याकडं. आणखी काही विचारलं नाही. घरात जाऊन त्यानं कनीजला बाहेर काढलं. कनीजच्या हाताला पीठ होतं तसंच. खेमानं आपला फेटा सोडून हैदरच्या डोक्याला बांधला, पारूनं आपली ओढणी कनीजवर टाकली.

म्हातारा मात्र उठेना. हैदरचे अब्बा चुलीपाशी पाटावर बसून चहात आलं किसत होते. त्यांना ऐकू कमी यायचं, पण हे ऐकू आलं होतं.

“ये गावां के लोगां चालीस साल मेरे हाथ की चाय पिये हैं,” ते म्हणाले. “मुझे कौन मारता? तुम जाव. गिऱ्हाईक बसलंय.”

“अब्बा, खुदा के वास्ते!”

“जा रे. म्हाताऱ्याला कोणी हात लावत नाही. चूल बुझी तो पाशा क्या बोलेंगे?”

सडकेवर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. पारूनं कनीजला ओढलं, खेमानं हैदरला. म्हाताऱ्याला कोण मारतं, हे हैदरनंही मनाशी म्हटलं असंल, नाहीतर तो हलला नसता. चौघं मागच्या दारानं तुरीत शिरली. पाव कोसावर वळून पाहिलं तेव्हा धूर वर चढला होता, आणि तो चुलीचा नव्हता.

तांड्याच्या नायकानं काही विचारलं नाही. दोन माणसं वाढली म्हणून एक झोपडी रिकामी करून दिली, एवढंच. दुसऱ्या दिवशी पेमा बाळापुरात जाऊन आला. पेमा खेमाचा चुलतभाऊ. त्याला गोष्ट वळवून सांगता येत नसे.

“मारला,” तो म्हणाला. “कुऱ्हाडीनं. त्यांनी दारात उभं राहून इचारलं, हैदर कोण? गिऱ्हाईक तर पळालं होतं. म्हातारा पाटावरून उठला अन् म्हणला, मी हैदर. दोनदा इचारलं त्यांनी. दोनदाबी तेच म्हणला. संतराम आता सांगत फिरतोय, हैदरला मारला म्हणून.”

कनीजनं ओढणी तोंडात कोंबली. हैदर रडला नाही. त्यानं पेमाला फक्त एवढंच विचारलं की पुरलं का. पेमा म्हणाला, पुरलं. सोनाराच्या अन् कोष्ट्याच्या पोरांनी खड्डा खणला. हैदर उठून झोपडीत गेला आणि दिवसभर बाहेर आला नाही. ताटातली भाकरी दोन वेळा तशीच परत आली.

तिसऱ्या दिवशी सकाळी खेमा शेळ्या सोडायला उठला तेव्हा हैदर दगडावर बसला होता. खेमाचाच सुरा त्यानं मागून घेतला होता, आणि थुंकी टाकून टाकून तो धार लावत होता. सावकाश, आलं किसावं तसं.

“कुठं निघाला?” खेमानं विचारलं.

“कळमनुरी.”

“काहून?”

“शकीलकडं.” सुरा पुढं गेला, मागं आला. “मी रातभर सोचलो, खेमाभाई. त्या लोकांना घोडा माहीत होता. माझं नाव कुणाला माहीत? कळमनुरीत मला ओळखणारा कोण? एकटा शकील. त्याची मान धरली, त्यानं माझं नाव दिलं, सुटला. माझ्या बापानं ते नाव अंगावर घेतलं.” त्यानं पात्यावर फुंकर मारली. “त्याचा हात मोडलाय म्हणता ना तुम्ही? बरं झालं. एकाच हातानं लढंल.”

पलीकडं पारू ताक घुसळत होती. रवीचा आवाज बंद झाला. ती खेमाकडं बघत राहिली.

शेळ्या कुडाशी ओरडत होत्या. खेमानं कुडाची काठी काढली, शेळ्या बाहेर पडू दिल्या, काठी परत लावली. कामं संपली. मग तो हैदरच्या समोर जाऊन जमिनीवर बसला. इतका जवळ की दगडावरचं पाणी त्याच्या गुडघ्यावर उडत होतं.

“शकीलनं न्हाई दिलं नाव.”

सुरा चालूच होता. “तुम्हाला त्याची कीव येते. तुम्ही चांगले आदमी हाव.”

“मी दिलं.”

हैदरनं वर पाहिलं. त्याला नीट ऐकू आलं होतं, तरी तो खेमाच्या तोंडाकडं असा बघत राहिला की जणू शब्द अजून बाहेर पडायचा आहे.

“तुम्ही?”

“व्हय.”

“मान धरली होती तुमची?”

“न्हाई.”

“मारलं?”

“न्हाई. पाणी दिलं.”

कनीज झोपडीच्या दारात येऊन उभी राहिली होती. हैदरच्या ओठांवर आणखी एक प्रश्न येत होता, परत जात होता. शेवटी तो आला, अगदी हळू.

“पूछा था किसी ने? नाव विचारलं होतं कुणी?”

खेमाला खोटं बोलायला जागा होती. पारूही बघत होती, आणि तिनं त्याला कधी उघडं पाडलं नसतं.

“न्हाई,” तो म्हणाला. “कुणीच विचारलं न्हाई.”

हैदरनं सुरा अंगठ्यावर लावून पाहिला. धार आली होती. खेमानं दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवले आणि तो तिथंच बसून राहिला.